‘विधेयक मंजूर’ ही अर्धीच बातमी

कायदा कसा होतो, याबद्दलचे प्रश्न संपादकांनी मागवले आणि उत्तरं द्यायला मला बसवलं. माझी ओळख एवढीच की मी विधिमंडळ सचिवालयात प्रतिवेदक होते. सभागृहाच्या मधल्या टेबलाशी बसायचं आणि सदस्य जे बोलतील ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं, हे आमचं काम. निवृत्तीनंतर कोथरूडला आले. वकील नाही, त्यामुळे चालू खटल्यांबद्दल मला विचारू नये. नोकरीत असताना दुसऱ्यांचं बोलणं एक शब्दही न गाळता लिहिलं, तुमची पत्रं मात्र कापून घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही वाकडला फ्लॅट बुक केला होता. मार्च २०१६ मध्ये ‘रेरा विधेयक मंजूर’ अशी बातमी आली, तिचं कात्रण घेऊन मी बिल्डरकडे गेलो. तो म्हणाला, “अजून काही लागू नाही, काका.” दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्यावर कायदा लागू नाही, असं कसं? तो फसवत होता ना?
— एक सेवानिवृत्त बँक कर्मचारी, वाकड

उत्तर : सांगायला जिवावर येतंय, पण त्या दिवशी तो खरं बोलत होता.

रेराची, म्हणजे बिल्डर आणि घरबांधणी प्रकल्पांवर नियमन आणणाऱ्या केंद्राच्या कायद्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण विधेयकाच्या वाट्याला जे जे येतं ते जवळजवळ सगळं या एका विधेयकाच्या वाट्याला आलं. १४ ऑगस्ट २०१३ रोजी ते मांडलं गेलं, आणि तेही राज्यसभेत. धनविधेयक (कर आणि सरकारी खर्चासारख्या पैशांच्या बाबींचं) सोडलं तर सरकार आपलं विधेयक कोणत्याही सभागृहात आधी मांडू शकतं. लोक याकडे लक्ष देत नाहीत, पण पुढचं सगळं त्यावर ठरलं. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेली विधेयकं व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात. तिने मंजूर करून राज्यसभेकडे धाडलेली आणि तिथे रखडलेलीसुद्धा जातात. राज्यसभा मात्र विसर्जित होत नाही. तिथे मांडलेलं आणि लोकसभेने अजून मंजूर न केलेलं विधेयक निवडणुकीतून सुखरूप बाहेर येतं. मे २०१४ मध्ये दिल्लीतलं सरकार बदललं आणि जुन्या सरकारचं हे विधेयक नव्या सरकारच्या हाती जिवंत आलं. लोकसभेत मांडलं असतं तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं.

मांडण्याचा सोहळा किरकोळ असतो. मंत्री अनुमती मागतात, ती मिळते, प्रती वाटल्या जातात. खरी झटापट समितीत होते. रेरा आधी नगरविकासाच्या स्थायी समितीकडे गेलं आणि २०१५ मध्ये राज्यसभेच्या प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकापुरत्या नेमलेल्या समितीकडे. समितीच्या बैठकांत कॅमेरे नसतात, त्यामुळे सदस्य तिथे मुद्द्याचं बोलतात. (सभागृहातल्या भाषणांबद्दल असं मी शपथेवर सांगणार नाही.) तुमच्या खिशाशी संबंध असलेलं एकच उदाहरण घ्या. ग्राहकाकडून घेतलेल्या पैशांपैकी किती रक्कम त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवायची? मूळ विधेयकात ७० टक्के होती आणि राज्य सरकारला ती कमी करायची मुभा होती. २०१५ च्या सरकारी दुरुस्त्यांमध्ये ती ५० वर आली, आणि शेवटी मंजूर झालेल्या कायद्यात पुन्हा ७० झाली. ‘रेरा येणार’ एवढ्याच मथळ्याखाली हा आकडा खाली जाऊन वर आला. तुमच्या सोसायटीत कितीजणांच्या हे लक्षात आलं होतं?

१० मार्च २०१६ ला राज्यसभेने आणि १५ मार्चला लोकसभेने विधेयक संमत केलं. तुमचं कात्रण बहुधा या आठवड्यातलं. २५ मार्चला राष्ट्रपतींची संमती मिळाली, राजपत्रात छापून आलं, कायदा झाला. पण कायदा होणं आणि तो अंमलात येणं या दोन वेगळ्या तारखा असू शकतात. रेराच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवेल त्या तारखेला तो अंमलात येईल आणि वेगवेगळ्या कलमांना वेगवेगळ्या तारखा देता येतील. त्याप्रमाणे काही कलमं १ मे २०१६ ला लागू झाली आणि प्रकल्पाच्या नोंदणीसारखी तुमच्या कामाची कलमं १ मे २०१७ ला. मधलं वर्ष राज्यांना नियम करायला आणि प्राधिकरण उभं करायला दिलेलं होतं. आपलं महारेरा त्याच काळात आलं. १ मे २०१७ ला तुमच्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नसेल, तर चालू प्रकल्प म्हणून तिचीही तीन महिन्यांत नोंदणी व्हायला हवी होती. ती झाली का ते महारेराच्या संकेतस्थळावर आजही बघता येईल.

सभागृहात बसून पाहिलेली एक गंमत सांगते. विधेयकाचा खंडशः विचार होतो तेव्हा सुरुवात खंड २ पासून होते. खंड १, प्रस्तावना आणि शीर्षक सर्वांत शेवटी मताला टाकतात. अंमलाची तारीख नेमकी त्या खंड १ मध्ये असते, आणि तोपर्यंत निम्मे सदस्य कागद आवरून उठायच्या तयारीत असतात. या खंडावर कोणी तावातावाने बोलल्याचं मला आठवत नाही. माझ्या मते तारखेवरच भांडायला हवं. माहितीचा अधिकार घ्या. १५ जून २००५ ला संमती मिळाली आणि १२० व्या दिवशी कायदा लागू होईल असं कायद्यातच लिहिलेलं होतं. १२ ऑक्टोबरला झालाच. उलट, भोसरीच्या एका वाचकाने कामगार संहितांबद्दल विचारलंय. वेतनाची संहिता २०१९ मध्ये आणि बाकीच्या तीन सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने मंजूर केल्या, तारीख सरकारवर सोडली, आणि अंमल सुरू झाला २१ नोव्हेंबर २०२५ ला. भोसरीकर, तुमच्या कंपनीचे मनुष्यबळ अधिकारी पाच वर्षं ‘अजून लागू नाही’ म्हणत होते, तेही बरोबरच होतं.

महाराष्ट्राने रेराच्या आधीच घरबांधणीवर स्वतःचा कायदा केला होता, हे आता कोणाला आठवत नाही. २०१२ मध्ये विधिमंडळाने तो मंजूर केला. विषय समवर्ती सूचीतला (म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात असा), केंद्राच्या कायद्यांशी विसंगती येण्यासारखा, म्हणून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेला आणि ती २०१४ मध्ये मिळाली. दोन वर्षांत रेरा आला आणि त्याच्या शेवटच्या कलमाने आपला कायदा रद्द करून टाकला.

प्रश्न : टीव्हीवर पाहिलं, सदस्य घोषणा देत होते, कागद उडत होते आणि त्यातच विधेयक ‘आवाजी मतदानाने’ मंजूर झालं. कोणाचा आवाज मोठा हे ठरवतं कोण? आणि हे वैध असतं?
— एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : पीठासीन अधिकारी, म्हणजे त्यावेळी खुर्चीवर असलेले अध्यक्ष किंवा सभापती ठरवतात, आणि वैध असतं.

आमच्या नोंदीतलं ठरलेलं वाक्य आहे : ‘प्रस्ताव मतास टाकण्यात येऊन संमत झाला.’ त्यावेळी वेलमध्ये (अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत) चाळीसजण उतरलेले असोत की सभागृहात टाचणी पडल्याचा आवाज येत असो, वाक्य हेच. गोंधळाची नोंद कंसात एका शब्दात होते. अशा वेळी आम्ही कानांवर भरवसा ठेवत नसू, अध्यक्षांच्या ओठांकडे बघून लिहीत असू. खंड दोन ते अमुक विधेयकाचा भाग झाले, विधेयक संमत झालं, हे सगळं त्या गदारोळात दोन-तीन मिनिटांत उरकलेलं मी लिहून घेतलंय.

आवाजी मतदान तसं निरुपद्रवी आहे. बहुतेक विधेयकांवर फारसा वाद नसतो आणि प्रत्येक खंडाला डोकी मोजत बसलं तर अधिवेशन पुरायचं नाही. शंका असेल तर सदस्याने मतविभागणी मागायची, मग मतं मोजली जातात. वाद होतो तो मागणी झाली की नाही यावर. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकांच्या वेळी हेच झालं. विरोधक म्हणत होते, आम्ही मतविभागणी मागितली. पीठासीन उपसभापतींचं म्हणणं होतं की ती आपल्या जागेवरून मागावी लागते. विधेयकं आवाजी मतदानाने संमत झाली. पुढे वर्षभर शेतकऱ्यांचं आंदोलन चाललं ते तुम्हाला ठाऊक आहे. २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच दिवसात, चर्चेविना संमत केलं. करताना चर्चा अपुरी आणि मोडताना तर नाहीच. मला दोन्ही वेळा सारखंच वाईट वाटलं.

कोर्टात जाऊन उपयोग होत नाही. कामकाजाच्या पद्धतीत चूक झाली एवढ्याच कारणावरून सभागृहाच्या कामाला न्यायालयात आव्हान देता येत नाही. संसदेसाठी संविधानाचा अनुच्छेद १२२ आणि राज्यांसाठी २१२ हेच सांगतो. एक साधी गोष्ट मात्र सदस्यांच्या हातात असते, गणपूर्ती. विधानसभेत एक दशांश सदस्य हजर लागतात, म्हणजे २८८ पैकी २९. तेवढे नाहीत हे कोणी लक्षात आणून दिलं की घंटा वाजते आणि उपाहारगृहातून माणसं गोळा करावी लागतात.

प्रश्न : मॅडम, मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करतोय. विधान परिषदेने विधेयक नाकारलं तर पुढे काय? राज्यात संयुक्त बैठक असते का? आणि राज्यपालांनी विधेयक किती दिवस ठेवावं यावर कोर्टाचा नेमका कोणता निकाल लिहायचा?
— एक विद्यार्थी

उत्तर : राज्यात संयुक्त बैठक नाही. हा प्रश्न परीक्षेत येतो आणि मुलं हमखास फसतात. संसदेत ती आजवर तीनदाच विधेयकांसाठी झाली : १९६१ मध्ये हुंडाबंदी, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्यासाठी आणि २००२ मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा. राज्यात विधानसभेचाच शब्द अखेरचा. परिषद पहिल्यांदा तीन महिने अडवू शकते. विधानसभेने पुन्हा संमत करून पाठवलं की आणखी एक महिना. त्यानंतर परिषद हो म्हणो की नाही, विधेयक संमत झाल्याचं मानलं जातं. धनविधेयक तर चौदा दिवसांच्या वर ठेवताच येत नाही. मग ७८ सदस्यांचं हे सभागृह हवं कशाला, असं तू विचारशील. परिषदेत सुचवलेल्या दुरुस्त्या मी पुष्कळदा विधानसभेने मुकाट्याने स्वीकारलेल्या पाहिल्या आहेत, एवढंच माझं उत्तर.

राज्यपालांबद्दल दोन तारखा लिहून ठेव. तमिळनाडूच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मुदती घालून दिल्या आणि अडकलेली दहा विधेयकं संमत झाल्याचं मानलं. पुढे राष्ट्रपतींनी सल्ला मागितला, आणि २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिलं की न्यायालय अशा ठरावीक मुदती घालू शकत नाही आणि ‘मानीव संमती’ही देऊ शकत नाही. मात्र राज्यपाल कारणाशिवाय अनिश्चित काळ विधेयकावर बसून राहिले, तर मर्यादित दखल घेता येईल. बाजारातल्या बऱ्याच नोट्समध्ये अजून एप्रिलचाच निकाल छापलेला दिसतो. त्या घेताना प्रकाशनाचा महिना बघ.

आणि कधी कॅम्पात गेलास तर कौन्सिल हॉल बाहेरून तरी पाहून ये. मुंबई प्रांताच्या विधानसभेची पहिली बैठक जुलै १९३७ मध्ये तिथे भरली होती.

प्रश्न : सरकार वटहुकूम काढून पाहिजे तो कायदा आणू शकतं, तर मग सभागृहाची गरजच काय?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : वटहुकुमाला मुदत असते. अधिवेशन चालू नसताना, तातडी असेल तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल किंवा राष्ट्रपती तो काढतात. अधिवेशन पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो संपतो.

पुण्याने याची एक चांगली आणि एक वाईट बाजू जवळून पाहिली आहे. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडत होते. विधेयक आलं, अडलं, २००९ च्या निवडणुकीबरोबर व्यपगत झालं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला आणि त्याच महिन्यात वटहुकूम निघाला. इतकी वर्षं जे ‘अभ्यास चालू आहे’ म्हणून थांबलं होतं ते आठवड्याभरात झालं. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात १३ तारखेला विधानसभेने आणि १८ तारखेला परिषदेने विधेयक संमत केलं. वटहुकुमाने इथे दार उघडलं आणि आत सभागृहाने रीतसर चर्चा केली. वटहुकूम असाच वापरावा.

वाईट बाजू बिहारची, पण ती उजेडात आणली पुण्याने. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा बिहारच्या जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करत होते. करता करता त्यांच्या लक्षात आलं की तिथे वटहुकूम मरतच नाहीत. मुदत संपत आली की सरकार तोच मजकूर पुन्हा काढतं, विधानसभेपुढे नेतच नाही. त्यांनी एकेक राजपत्र तपासलं. १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम असे पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवलेले निघाले. त्यातला उसाच्या पुरवठा-खरेदीचा एक तर तेरा वर्षं अकरा महिने चालला. आपल्याकडे उसावर एखादं अधिवेशन भांडणाशिवाय जात नाही, आणि तिथे सभागृहाला विचारलंच नाही! वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये घटनापीठाने ही पद्धत म्हणजे संविधानाशी केलेली लबाडी आहे, असं बजावलं आणि त्यांना खर्चापोटी दहा हजार रुपये देण्याचा आदेश बिहार सरकारला दिला. बीएमसीसी रस्त्यावरून जाताना मी त्या संस्थेच्या फाटकाकडे बघतेच. एवढ्या वटहुकुमांची नोंद ठेवणं काय असतं, हे नोंदी ठेवणाऱ्या बाईलाच कळणार.

प्रश्न : आमच्या सोसायटीला वर्षभर टँकर लागतात. आजूबाजूला बोअर मारून पाणी उपसून विकलं जातं. यावर कायदा करावा म्हणून आमदारांना विधेयक मांडायला सांगू का?
— सोसायटीचे सचिव, वाघोली

उत्तर : सांगू शकता. मंत्री नसलेला कोणताही सदस्य विधेयक मांडू शकतो. आमच्याकडे त्याला अशासकीय विधेयक म्हणतात आणि त्यासाठी शुक्रवारची वेळ असते. पण पदरात काय पडतं ते ऐकून घ्या. संसदेत १९५२ पासून अशी १४ च विधेयकं कायदा होऊ शकली, त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. नेहमीचा प्रवेश असा असतो : सदस्य पोटतिडकीने बोलतात, मंत्री सांगतात की या विषयावर शासन सर्वंकष विधेयक आणणार आहे, तरी सन्माननीय सदस्यांनी आपलं विधेयक मागे घ्यावं. सदस्य मागे घेतात.

याचा अर्थ ते फुकट जातं असा मात्र काढू नका. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करण्याची मुभा स्थानिक संस्थांना द्यावी, एवढीच मागणी होती. पुढच्या मार्चमध्ये ते प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव ३८ विरुद्ध १३ मतांनी पडला. समितीच्या दारापर्यंतही गेलं नाही. आज त्या चर्चेतली भाषणं वाचली तर जिंकलेल्या ३८ जणांचे मुद्दे वाचवत नाहीत.

पण वाघोलीकर, तुमच्या बाबतीत विधेयकाची गरजच नाही. महाराष्ट्राचा भूजलाचा कायदा आहे. विधिमंडळाने तो २००९ मध्ये संमत केला, राष्ट्रपतींची संमती २०१३ मध्ये आली, १ जून २०१४ पासून अंमलात आला. त्याखालच्या नियमांचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध झाला तो २०१८ मध्ये. कायद्यात ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ असं जिथे जिथे लिहिलेलं असतं, तिथे तिथे नियम येईपर्यंत अधिकारी हात वर करतो. अर्ज कोणत्या नमुन्यात, शुल्क किती, कोणाकडे, हे सगळं नियमांत असतं. कायद्याची प्रत राजपत्राच्या संकेतस्थळावरून घ्या. छापील हवी असेल तर जीपीओजवळच्या फोटोझिंको प्रेसच्या शासकीय ग्रंथागारात चौकशी करा. ‘विहित’ शब्द जिथे येईल तिथे पेन्सिलने खूण करा आणि त्या खुणांची यादी आमदारांकडे न्या.

त्यांना तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो, विचारायला सांगा. अमुक कलमाखाली कोणते नियम कधी अधिसूचित झाले, वाघोली परिसरात उपशासाठी किती परवानग्या दिल्या, किती नाकारल्या. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच करून द्या, स्वीय सहायकावर सोडू नका. त्यात कायद्याचा क्रमांक घाला : सन २०१३ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २६. आणि ‘हे खरे आहे काय’ अशी सुरुवात करून मोघम विचारू नका. त्याला उत्तर येतं, ‘हे खरे नाही’, आणि त्याखालच्या तुमच्या सगळ्या उपप्रश्नांपुढे छापून येतं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’